दयाळ कसा गातो, हे आईला कोणत्या शब्दांत सांगू?

जाईजुई | रविवार, सकाळी ७:१२

आमचं घर मुलुंडला, डोंगराच्या बाजूला. मार्च लागला की समोरच्या केबलच्या तारेवर पहाटे पाचच्या आधीच एक दयाळ येऊन बसतो. काळापांढरा, शेपटी उभारलेली. उजाडेपर्यंत गातो, मधे श्वास घेतो की नाही असं वाटावं इतका.

आई ८१ वर्षांची आहे. गिरगावात आणि नंतर इथे मिळून चाळीस वर्षं तिने गाणं शिकवलं. गेल्या तीनेक वर्षांत तिला वरच्या पट्टीतलं काही ऐकू येईनासं झालंय. यंत्र लावून माणसांचं बोलणं कळतं. कोकीळ कळतो, भारद्वाज कळतो. दयाळ मात्र नाही. गॅलरीत खुर्ची टाकून बसते, त्याची चोच हलताना बघते आणि मला विचारते, "काय म्हणतोय?"

मी सांगते, "फार गोड गातोय गं." परवा चिडली. म्हणाली, "गोड काय? बासुंदीपण गोड असते. कसा गातोय ते सांग."

मंजुळ, मधुर, सुरेल. इथे माझे शब्द संपले. गाणाऱ्या बाईची मुलगी असून मला चौथा शब्द सुचेना, याचं फार वाईट वाटलं. पक्ष्यांच्या आणि माणसांच्या गाण्याला तुमच्याकडे, तुमच्या घरात, गावात कोणते शब्द वापरतात? सगळे सांगा. मी वहीत उतरवून घेणार आहे.

पारिजातक | रविवार, सकाळी ७:४०

कर्णमधुर, नादमय, लाघवी, लडिवाळ. आईंना माझा नमस्कार सांगा.

रानवाट | रविवार, सकाळी ८:२५

पारिजातक, राग मानू नका, पण या चारही शब्दांतून ऐकणाऱ्याला काय वाटलं तेवढंच कळतं. पक्ष्याने काय केलं ते कळत नाही. आईंची तक्रार नेमकी तीच आहे.

मी वीस वर्षं बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जातोय. आमच्याकडे क्रियापदांवर भर असतो. चिमणी चिवचिवते, पारवा आणि होला घुमतात, कोंबडा आरवतो, टिटवी टिवटिवते, हळद्या शीळ घालतो, पोपट कलकलाट करतात. घुबडाचा घूत्कार. भारद्वाज तर इतका खोल घुमतो की कुणीतरी रिकाम्या रांजणात तोंड घालून 'हूप हूप' करतंय असं वाटतं. आवाज खालच्या पट्टीतला असल्यामुळेच आईंना तो अजून ऐकू येतो.

आणखी एक भेद पाळा: हाक वेगळी आणि गाणं वेगळं. मांजर दिसल्यावर बुलबुल जो कडकड आवाज काढतात तो इशारा. पिल्लू दाणा मागतं ती हाक. तुमचा दयाळ पहाटे करतो ते गाणं. हद्द सांगायला आणि मादीला बोलवायला. विणीचा हंगाम संपला की हाच पक्षी महिनोन्‌महिने नुसती एक रडकी शिट्टी मारत हिंडतो, ओळखूसुद्धा येत नाही.

गिरगावकर | रविवार, सकाळी ९:०३

कोकीळ राहिला की! कोकिळा कुहूकुहू करते, कूजन करते. आमच्या वाडीतल्या आंब्यावर होळीच्या आधीपासून सुरू होते. पहाटे चारला. अर्धी चाळ तिला दुवा देते, अर्धी उशी डोक्यावर घेते.

रानवाट | रविवार, सकाळी ९:१०

करते नाही, करतो. कुऊ-कुऊ गाणारा काळा कोकीळ हा नर. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची. ती फक्त 'किक्‌-किक्‌-किक्‌' अशी कर्कश ओरडते आणि कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते.

गिरगावकर | रविवार, सकाळी ९:३१

ते शास्त्र झालं. मराठीत कोकिळा गाते. लताबाईंना आपण गानकोकिळा म्हणतो, त्याचं काय करणार?

शब्दवेल | रविवार, सकाळी १०:०५

काहीच करायचं नाही. 'गानकोकिळा'मधली कोकिळा झाडावरची नाहीच, ती भाषेतली. आपल्याकडे गाणारा आवाज बाईचा मानायची जुनी सवय आहे, म्हणून पक्षीही बाई झाला. पण जाईजुईताईंच्या आईंना समोरच्या झाडावर कोण आहे ते सांगायचं असेल तर रानवाट यांचं बरोबर: कोकीळ गातो.

धागा फार आवडला. माझ्या वहीतले थोडे शब्द देते.

संस्कृतात 'कल' म्हणजे अस्फुट पण गोड असा ध्वनी. त्यावरून कलरव आणि कलकंठ. कलकंठ म्हणजे कोकीळ. आणि मराठीत 'कलकलाट' म्हटलं की कान किटतात! एका बाजूला कल, दुसऱ्या बाजूला कलकल. किलबिल आणि किलबिलाट यांतही तोच फरक आहे. नुसती किलबिल म्हणजे चारदोन पाखरं, किलबिलाट म्हणजे संध्याकाळी वडावर जमलेल्या साळुंक्या. 'आट' लागला की संख्या वाढते आणि गोडी घटते.

मोराच्या आवाजाला केका. भुंग्याचा गुंजारव. आणि कावळ्यालासुद्धा पूर्वी स्वतःचं क्रियापद होतं: ज्ञानेश्वरांच्या विरहिणीत काऊ 'कोकतो'. ज्याला आपण नुसतं ओरडणं म्हणतो, तो तिथे पाहुण्याचा निरोप आहे. विरहिणी त्या कर्कश आवाजाकडे कान लावून बसली आहे. कोकणे हा शब्द मला कुठल्याही कूजनापेक्षा प्रिय आहे.

शिवडीकर | रविवार, सकाळी १०:२०

आमच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांना काय म्हणावं? दिसायला गुलाबी स्वर्ग, आवाज बदकाचा.

मालवणी_माणूस | रविवार, सकाळी ११:४४

आमच्या आजयेचो एकच शब्द: 'गळो'. "तेका गळो आसा." माणूस असो नायतर पाखरू. आणि गळो नसलो तर, "कशाक आरडतंस रे!" दोन शब्दांत सगळा संगीतशास्त्र.

खर्ज | रविवार, दुपारी १२:५०

मालवणी_माणूस, मराठी बैठकीतही 'गळा' हाच शब्द आहे. गळा तयार आहे, गळा फिरतो, गळ्यात सूर आहे.

जाईजुई, तुमची आई गाणं शिकवणारी आहे ना? मग पक्ष्यांचे शब्द शोधू नका. तिच्याच भाषेत सांगा. आवाजाच्या जातीपासून सुरू करा. खणखणीत, पल्लेदार, धारदार, गोल, मुलायम, पीळदार, बसका, घोगरा, चिरका, कापरा, भसाडा, गेंगाणा. यातला प्रत्येक शब्द नेमका आहे. पल्लेदार म्हणजे लांबवर पोचणारा, वरखाली मोठी मजल असणारा. जवारीदार म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीवर तार नीट टेकली की आवाजात जी झणझण उमलते तसा. गवई घोडी आणि तारेच्या मधे सुताचा धागा सरकवत बसतो, एका जागी आला की अख्खा तंबोरा बोलायला लागतो. आवाजातही ते असतं किंवा नसतं.

मग गाण्याची चाल. एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत गेला तर मींड. तीनचार स्वर पटकन गुंडाळले तर मुरकी. त्यातच झटका असेल तर खटका. एकेक स्वर सुटा, मोत्यासारखा वेगळा ऐकू आला तर दाणेदार तान. सरळ वर जाऊन सरळ खाली आली तर सपाट. अवचित एक सुंदर तुकडा येऊन गेला तर लकेर. आणि ऐकताना 'अरे वा' निघून जातं ती 'जागा'. हा शब्द फक्त आपल्याकडेच असावा असं मला वाटत राहतं. काय जागा घेतली!

दयाळ मी रोज ऐकतो, भांडुपला राहतो. मला तो भेंडीबाजारवाला वाटतो. त्या घराण्यात खंडमेरूचा रियाज असतो: मोजकेच स्वर घ्यायचे आणि त्यांचा क्रम उलटसुलट करत राहायचं. दयाळ तेच करतो. तुकडा तोच, पण दर वेळी शेवट वेगळा. मधेच दुसऱ्या पक्ष्याची नक्कलही घुसवतो. ऐन वेळी असं नवं सुचणं म्हणजे उपज. आईला एवढंच सांगा, "उपज आहे त्याच्याकडे." तिला कळेल.

जाईजुई | रविवार, दुपारी १:१५

खर्ज, हे वाचताना डोळे भरून आले. आईचे गुरू त्याच घराण्यातले होते. मी कुठेच लिहिलं नव्हतं.

तांबाकाटा | रविवार, दुपारी २:३०

माझं लहानपण पायधुनीला तांबाकाट्याजवळ गेलं. दिवसभर भांडी ठोकायचा आवाज. एकसारखा, एका लयीत. आता कांदिवलीला राहतो. निवृत्त झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात भर दुपारी खिडकीतून तोच आवाज आला, टुक टुक टुक टुक. मी चक्क खाली उतरून बघून आलो की इथे कोण भांडी ठोकतंय. वॉचमन म्हणाला, "पिंपळावर बघा, काका." हिरवा, कपाळ लाल, चिमणीपेक्षा थोडाच मोठा. नाव विचारलं तर तांबट! ज्याने हे नाव ठेवलं त्याने माझ्यासारखंच बालपण काढलं असणार.

पाऊण तास बघत बसलो. चोच बंदच असते, गळा तेवढा फुगतो. मान वळवली की आवाज दुसरीकडून आल्यासारखा वाटतो. याला गाणं म्हणणार का तुम्ही?

खर्ज | रविवार, दुपारी २:४८

काका, तो ठेका आहे. गाणाऱ्यामागे कुणीतरी मात्रा धरून बसावंच लागतं. तासभर लय न सोडणारा तबलजी मिळाला तर मी त्याच्या पाया पडेन.

भैरवी_पहाटे | रविवार, दुपारी ३:२०

'किनरा' शब्द कुणी घेतला नाही. शिंजीर, शिंपी हे किनऱ्या आवाजाचे.

पारिजातक | रविवार, दुपारी ३:२६

किनरा म्हणजे दोष ना? आमच्याकडे "किनऱ्या आवाजात बोलू नकोस" म्हणून ओरडा खाल्लाय.

भैरवी_पहाटे | रविवार, दुपारी ३:४१

आमच्या घरी उलट. "पोरीचा आवाज किनरा आहे, वरचा सा सहज लागतो," असं कौतुकाने म्हणत. बारीक आणि उंच एवढाच त्याचा अर्थ. टोचला तर दोष, वर चढून सुरात टेकला तर गुण. चिरका मात्र कधीच गुण नाही. तो वर जाऊन फाटतो.

रानवाट | रविवार, दुपारी ४:१०

भैरवी_पहाटे यांना अनुमोदन. शिंपी हा बोटाएवढा पक्षी, पण 'टुविट टुविट टुविट' इतकं खणखणीत करतो की चौथ्या मजल्यावर ऐकू येतं. किनरा आणि खणखणीत, दोन्ही एकाच वेळी.

खर्ज यांचे शब्द घेऊन मी आज दुपारी आरेत फिरलो (धाग्यामुळेच गेलो). सुभग पक्षी एक लांब सूर लावून धरतो आणि शेवटी झटकन खाली सोडतो. पूर्वी मी वहीत 'लांब शिट्टी' लिहायचो. आज 'मींड' लिहिलं. नाचणाचं गाणं पाचसहा स्वरांचं, पायऱ्या चढून उतरल्यासारखं. त्याला 'सरगम' लिहिलं. आणि जुलैत कान्हेरीच्या वाटेवर ओढ्याच्या आवाजावर शीळकरी कस्तूर ऐकाल तर दुसरा शब्दच नाही: विलंबित. घाई नाही, ठरलेली चाल नाही, माणूसच आपल्याशी शीळ घालत चाललाय असं वाटतं. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा पुढच्या वळणावर मुलगा दिसेल म्हणून थांबलो होतो.

आजोळ_वाडा | रविवार, सायंकाळी ५:०२

आमच्या वाड्याला मे अखेरीस पावशा ओरडायला लागला की आजोबा बियाण्याची पोती उघडायचे. पावशा म्हणतो "पेरते व्हा, पेरते व्हा". हिंदीवाल्यांना तोच पक्षी "पी कहाँ" विचारताना ऐकू येतो. पक्षी एक, आवाज एक. ज्याच्या मनात शेत त्याला पेरणी ऐकू येते, ज्याच्या मनात साजण त्याला साजण.

गिरगावकर | रविवार, सायंकाळी ६:१५

मी दुपारी वामकुक्षी घेऊन पुन्हा आलोय, कोकिळेचा मुद्दा सोडलेला नाही. निदान कोकीळ पंचमात गातो हे तरी मान्य? देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने १३व्या शतकात संगीतरत्नाकरात लिहून ठेवलंय: मोर षड्ज, चातक ऋषभ, बोकड गांधार, क्रौंच मध्यम, कोकीळ पंचम, बेडूक धैवत आणि हत्ती निषाद.

खर्ज | रविवार, सायंकाळी ६:५०

यादी मला पाठ आहे आणि प्रियही आहे. पण पंचम हा षड्जापासून मोजायचा असतो. तुमच्या वाडीतला कोकीळ कुठला षड्ज धरून बसलाय? पेटीची काळी एक की पांढरी दोन? आणि तो एका स्वरावर थांबतही नाही. प्रत्येक 'कु'वरून 'ऊ'वर मींड घेऊन चढतो, पुढची कुहू आणखी वर, आणखी वर, तारसप्तकात जाऊन एकदम तुटतो आणि पुन्हा खालून सुरुवात. नुसता आरोह. अवरोह त्याला ठाऊकच नाही.

यादीकडे मोजमाप म्हणून बघू नका. मोर आणि हत्ती एका सप्तकात बसवणाऱ्या माणसाने रानातला प्रत्येक आवाज सुरात ऐकला होता, मला तेवढं पुरेसं आहे.

शब्दवेल | रविवार, सायंकाळी ७:३०

थोडं अवांतर. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी अंतराळात गेली. तिच्यात आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. त्याच तबकडीवर पृथ्वीवरचे आवाज म्हणून पक्ष्यांचे आवाज आहेत, बेडूक आहेत आणि हत्तीही आहे. शार्ङ्गदेवाला हे कळलं असतं तर किती आनंद झाला असता!

गिरगावकर | रविवार, सायंकाळी ७:३८

घ्या. बेडूक आणि हत्ती, दोन्ही. मी झोपायला मोकळा.

साउंडवाला | रविवार, रात्री ९:५५

मी गोरेगावला ध्वनिमुद्रणाचं काम करतो, दिवसभर वाचत होतो. शब्द सुंदर आहेत, पण एक साधी गोष्ट कुणी सुचवली नाही.

वयोमानाने ऐकू येणं कमी होतं तेव्हा बहुधा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. दयाळाच्या गाण्यातलं पुष्कळसं नेमकं तिथेच असतं. मग ते खाली आणा! मोबाईलवर पहाटे त्याचं गाणं रेकॉर्ड करा. संगणकावर ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्यात वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र बदलायची सोय आहे, ती वापरून वेग निम्मा करा. नुसतं संथ करणारी, पट्टी तीच ठेवणारी सोय नको. वेग निम्मा झाला की आवाज बरोबर एक सप्तक खाली येतो. चोविशीने केला तर दोन सप्तकं. म्हणजे चौपट संथ. हेडफोन लावून ऐकवा. शिवाय पडद्यावर आवाजाचा आलेखही उमटतो, मींड चक्क डोळ्यांना दिसते.

साउंडवाला | रविवार, रात्री ९:५७

'चोविशीने' नव्हे, 'पाव वेग' म्हणायचं होतं.

रानवाट | रविवार, रात्री १०:२०

फार छान सुचवलंत. फक्त एक विनंती: गॅलरीत मोठ्याने वाजवू नका. मूळ वेगातलं रेकॉर्डिंग दयाळाने ऐकलं तर त्याला वाटेल दुसरा नर हद्दीत घुसला. सध्या वीण आहे, बिचारा पिल्लं सोडून भांडायला येईल. हेडफोनवरच ऐकवा.

जाईजुई | बुधवार, सकाळी ८:४०

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, कारण दोन पहाटे रिक्षा आणि पाण्याचा पंप यांनी खाल्ल्या. आज पावणेपाचला स्वच्छ चार मिनिटं मिळाली. भाच्याने वेग निम्मा करून दिला.

आईच्या कानाला हेडफोन लावला. पहिलं अर्धं मिनिट काहीच बोलली नाही. मला वाटलं, जमलं नाही. मग तिचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला आणि ती बोटांनी मोजायला लागली, शिकवणीत मोजायची तशी. एका ठिकाणी "अगं!" म्हणून थांबवायला सांगितलं. तेवढा तुकडा मी सात वेळा लावला. मी वही उघडून बसले होते. रविवारी तुमच्या शब्दांवरून तिला सांगितलं होतं की हा मधेमधे लकेरी घेतो. ती म्हणाली, "लकेर नव्हे गं. मुरकी आहे. आणि सुटी आहे, बघ, एकही स्वर दुसऱ्यात मिसळत नाही. इतकी स्वच्छ मुरकी मी एकाही मुलीकडून काढून घेऊ शकले नाही."

मग पाव वेगाने ऐकवलं. त्यात दयाळ पार विलंबितात गेला. ती स्वतःच त्याच्यामागून हलक्या आवाजात आकारात म्हणून बघायला लागली. आवाज कापतो आता तिचा. पण जागा बरोबर घेतली, सातव्या प्रयत्नाला.

खर्ज, तुम्हाला निरोप आहे: "उपज आहे हे खरं, पण समेवर यायला शिकवायला हवं त्याला."

खर्ज | बुधवार, सकाळी ९:०२

आईंना साष्टांग नमस्कार. समेचं मी दयाळाच्या कानावर घालतो.

मालवणी_माणूस | बुधवार, सकाळी ९:१५

गळो आसा गे बाय. दोघांकय.

तांबाकाटा | बुधवार, सकाळी ९:४०

जाईजुई, आईंना तांबट ऐकू येतो का? नसेल तर मी दुपारी रेकॉर्ड करून पाठवतो. माझ्या खिडकीसमोरच बसतो, एक ते तीनच्या दरम्यान.

जाईजुई | बुधवार, सकाळी ९:५२

काका, तो ऐकू येतो तिला. तरी पाठवा. ठेक्याशिवाय रियाज करायचा नाही म्हणते.